सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या हिरड्या खूप वाढल्या आहेत; पूर्ण भूल देऊन दातांचे उपचार करून घ्यावेत का?

प्रश्न : एक आई, मानेवाडा

नमस्कार. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही हातपाय ताठ असतात आणि तो व्हीलचेअरवरच असतो. बोलता येत नसले तरी घरातल्या प्रत्येकाचा आवाज तो ओळखतो आणि हवे-नको डोळ्यांनी नेमके सांगतो. आकडीसाठी लहानपणापासून फेनिटॉइन चालू असून गेल्या काही वर्षांत आकडी बऱ्यापैकी आटोक्यात आहे.

अडचण दातांची आहे. त्याच्या समोरच्या हिरड्या इतक्या वाढल्या आहेत की वरच्या दातांचा जवळपास अर्धा भाग झाकला गेला आहे. ब्रश लागला की रक्त येते, तोंडाला वास येतो आणि खालच्या एका दाढेत काळा खड्डा दिसतो. ब्रश तोंडाजवळ नेला की तो दात घट्ट आवळतो. जबरदस्ती केली तर संपूर्ण शरीर ताठ होते आणि मग जेवण भरवणेही अवघड होऊन बसते. अलीकडे तो थंड पाणी नाकारतो आणि रात्री मध्येच उठून गालावर हात आपटतो. त्याला दुखते आहे असे मला वाटते, पण घरातली मोठी माणसे म्हणतात की त्याची ती जुनीच सवय आहे.

घराजवळच्या एका दवाखान्यात आम्हाला तपासणीच्या खुर्चीपर्यंतही नेले नाही. अशी मुले आमच्याकडे होत नाहीत, एवढेच दारात सांगितले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी शांतपणे तोंड पाहिले आणि पूर्ण भूल देऊन एकदाच सगळे काम करून घ्यावे असे सुचवले. हे ऐकल्यापासून सासूबाई घाबरल्या आहेत. दातांसाठी कोणी भूल देते का, आणि आकडीच्या मुलाला ती सोसेल का, असे त्या विचारतात. माझ्याही मनात तीच भीती आहे, पण त्याचे रात्रीचे उठणे मला पाहवत नाही.

हिरड्या फेनिटॉइनमुळे वाढल्या असतील का? भुलेशिवाय काही मार्ग आहे का? तोंड आवळणाऱ्या मुलाचे दात घरी नेमके कसे घासावेत? आणि नागपुरात अशा मुलांसाठी कुठे जावे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : बालदंतरोगतज्ज्ञ, धंतोली

ताई, मुलाला न पाहता निदान करणे योग्य नाही. त्यामुळे पुढचे सर्व आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने लिहितो.

सर्वांत आधी दुखण्याबद्दल. न बोलणाऱ्या मुलाने थंड पाणी नाकारणे, रात्री जागे होणे आणि गालावर हात मारणे या तीन गोष्टी नव्याने आणि एकत्र सुरू झाल्या असतील, तर ती सवय आहे असे गृहीत धरू नये. लाळ एकाएकी वाढणे, एकाच बाजूने चावणे, स्वतःचा हात चावणे किंवा आवडता पदार्थ तोंडातून बाहेर काढणे हीदेखील दातदुखीची लक्षणे असू शकतात. दिव्यांग मुलांच्या बाबतीत वागण्यातला प्रत्येक बदल अपंगत्वाच्या खात्यावर टाकला जातो आणि किडलेली दाढ तशीच राहते, हे मी फार वेळा पाहतो. गालावर सूज, ताप किंवा हिरडीवर पुवाची पुळी दिसली, तर पुढच्या कोणत्याही नियोजनाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

आता फेनिटॉइन. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये हिरड्यांची अशी वाढ होते, आणि ती समोरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूस अधिक ठळक दिसते. औषध हे कारण असले तरी दातांवर साचणारा चिकट थर त्या वाढीला खतपाणी घालतो. हिरडी वाढली की ब्रश नीट पोहोचत नाही, थर अधिक साचतो, सूज वाढते, रक्त येते आणि रक्त पाहून घरचे लोक ब्रश करणेच थांबवतात. हे चक्र तोडायचे तर रक्त आले तरी मऊ ब्रशने घासत राहणे आवश्यक आहे. थर निघू लागला की सूज आणि रक्त दोन्ही कमी होतात. फेनिटॉइन मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. औषध अचानक थांबले तर थांबता न थांबणारी आकडी येण्याचा धोका असतो. मेंदूविकारतज्ज्ञांना हिरड्या प्रत्यक्ष दाखवाव्यात आणि दुसरे औषध देता येईल का हे विचारावे. आकडी आटोक्यात असताना औषध बदलायचे की नाही हा निर्णय त्यांचाच आहे आणि नको असे उत्तर आले तर तेही समजून घेण्याजोगे आहे. वाढलेली हिरडी शस्त्रक्रियेने काढता येते. मात्र औषध तेच राहिले आणि स्वच्छता सुधारली नाही, तर ती पुन्हा वाढते. म्हणून घरची घासणी आधी मार्गी लावावी, असा माझा आग्रह असतो. ज्या मुलांना व्हॅल्प्रोएट हे आकडीचे दुसरे औषध चालू असते त्यांच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे की त्या औषधाने रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी होऊ शकतात, त्यामुळे दात काढण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी लागते.

भूल हा पहिला उपाय नाही आणि अखेरचा भयंकर उपायही नाही. कीड दातांच्या नसेपर्यंत पोहोचलेली नसेल तर 38 टक्क्यांचे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लहानशा ब्रशने लावून ती थांबवता येते. त्यासाठी इंजेक्शन लागत नाही, ड्रिलचा आवाज नाही आणि दात कोरडा करून औषध लावण्याचे काम दोन-तीन मिनिटांत होते. कीड लागलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, हे आधीच सांगितले पाहिजे. दाढेला चालते, समोरच्या दाताला सगळ्यांना चालेलच असे नाही. ठरावीक काळाने ते पुन्हा लावावे लागते. दात ठणकत असेल किंवा पू झाला असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही. फ्लोराइड वार्निश दर 3 ते 6 महिन्यांनी लावल्यास नवीन कीड रोखायला चांगली मदत होते. हातातल्या अवजाराने कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणे हाही एक मार्ग आहे. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर तर ड्रिल न करता थेट स्टीलची कॅप बसवता येते.

आपल्या मुलाच्या बाबतीत दाढ रात्री ठणकत असेल, हिरडीची शस्त्रक्रिया लागणार असेल आणि खुर्चीत त्याचे शरीर ताठ होत असेल, तर ही तिन्ही कामे जागेपणी हातपाय धरून करणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. अशा वेळी पूर्ण भुलेत एकाच बैठकीत एक्स-रे, सफाई, भरणे, गरज असेल ते दात काढणे आणि हिरडीचे काम असे सर्व होते, आणि पुष्कळ मुलांना त्याच संध्याकाळी घरी नेता येते. आकडी आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना भूल दिली जाते. मात्र ती भूलतज्ज्ञांनी आधी तपासूनच, आणि अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या रुग्णालयातच द्यावी. गिळताना ठसका लागतो का, वारंवार छाती भरते का, जेवणानंतर अन्न वर येते का, हे त्यांना न विचारताच सांगावे.

जागेबद्दल : मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात बालदंतरोग विभाग आहे आणि पहिली तपासणी तिथेच करावी असे मी सुचवेन, शेजारी मेडिकल असल्यामुळे मेंदूविकार आणि बालरोग विभागांचे मत घेणे सोपे जाते. हिंगणा मार्गावर डिगडोह टेकडीवरील व्हीएसपीएमचे दंत महाविद्यालय आणि वानाडोंगरीचे कळमेघ दंत महाविद्यालय येथेही हा विभाग आहे. मिहानमधील एम्समध्ये दंतरोग विभाग आहे. वर्ध्याकडच्या कुटुंबांना सावंगी मेघेचे दंत महाविद्यालय जवळ पडेल. जाण्यापूर्वी विभागात फोन करून मुलगा व्हीलचेअरवर आहे, आकडीचे औषध चालू आहे आणि सकाळची पहिली वेळ हवी आहे, हे सांगून ठेवावे.

उत्तर : निवृत्त विशेष शिक्षिका, प्रतापनगर

डॉक्टरांनी घरच्या घासणीवर जो भर दिला आहे, त्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्या शाळेत दुपारच्या डब्यानंतर मुलांचे दात घासणे हा वेळापत्रकाचा भाग होता.

ताई, तोंड उघडण्याची वाट पाहू नका. दात आवळलेले असतानाही बाहेरची बाजू पूर्ण घासता येते, आणि तुमच्या मुलाच्या हिरड्या तिथेच वाढल्या आहेत. त्याला व्हीलचेअरवर बसवून मागे उभ्या राहा, डावा हात त्याच्या हनुवटीखाली घालून त्याचे डोके तुमच्या पोटाशी टेकू द्या. डोके मागे झुकू देऊ नका, किंचित पुढेच असू द्या, म्हणजे लाळ आणि पेस्ट घशात उतरणार नाही. आधी केवळ बोटाने गाल चोळा, मग ओठांच्या कडा, मग ओठ किंचित बाजूला करून ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर टेकवा. कोरडा ब्रश खुपतो, म्हणून तो कोमट पाण्यात बुडवून घ्या. लहान डोक्याचा, अगदी मऊ ब्रश असावा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये तोंडाला अचानक स्पर्श झाला की दात आवळले जाणे ही शरीराची प्रतिक्रिया असते, तो हट्ट नसतो. त्यामुळे स्पर्श बाहेरून आत असा सावकाश नेला की आवळणे कमी होते.

आतली बाजू घासण्यासाठी स्वच्छ बोट गालाच्या आतून, दातांच्या बाहेरून, शेवटच्या दाढेच्या मागे न्यावे. तिथे हलका दाब दिला की बऱ्याच मुलांचा जबडा सैल होतो. बोट मात्र कधीही दातांच्या मध्ये ठेवू नये. ओला करून घट्ट गुंडाळलेला छोटा टॉवेल एका बाजूच्या दाढांमध्ये ठेवावा आणि दुसरी बाजू घासून घ्यावी. चमचा किंवा धातूची कोणतीही वस्तू वापरू नये, कारण जबड्याने झटका घेतला तर दात तुटतो.

मूल गिळताना ठसकत असेल तर पेस्ट फक्त ब्रशला लागेल इतकीच घ्यावी आणि शेवटी ओल्या गॉजने तोंड पुसून घ्यावे; चूळ भरता येत नाही म्हणून पेस्टच टाळण्याचे कारण नाही. सगळे तोंड एकाच वेळी होत नसेल तर सकाळी वरचे आणि रात्री खालचे असे वाटून घ्यावे. ज्या मुलांना नळीने अन्न दिले जाते त्यांचे दातही रोज घासावे लागतात. तोंडाने काही खात नसल्यामुळे दात स्वच्छच असतील असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात त्या मुलांच्या दातांवर किटण अधिक चढते, आणि त्या थरातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

औषधांच्या गोड सिरपबद्दलही सांगते. रात्री दात घासून झाल्यावर सिरप पाजून मुलाला झोपवले, तर साखर रात्रभर दातांवर राहते. औषध आधी, घासणी नंतर, असा क्रम ठेवावा आणि साखरविरहित सिरप किंवा गोळी मिळते का हे डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुलांना दिवसभर थोडेथोडे ग्लुकोजचे पाणी किंवा सरबत पाजत राहण्याची पद्धत आहे. ऊन लागू नये ही काळजी खरी आहे, पण घोटाघोटाने साखर मिळत राहिली की दातांना उसंत मिळत नाही. गोड पेय जेवणाबरोबर द्यावे आणि मधल्या वेळी माठातले साधे पाणी.

येथे मुद्दा किशोरवयीन मुलांचाही आहे, म्हणून एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. सौम्य बौद्धिक दिव्यांगता असलेली, एकटी बाहेर फिरू शकणारी मुले पानठेल्यावर जातात आणि आजूबाजूची मोठी माणसे गंमत म्हणून त्यांच्या हातावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, ठेवतात. आमच्या एका विद्यार्थ्याने आवडीचे तर्री-पोहे खाणे सोडले, तेव्हा आईने तोंड पाहिले. गालांची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ झाली होती आणि तोंडात दोन बोटेही जेमतेम मावत होती. सुपारीमुळे होणारा हा आजार तोंडाची लवचीकता हिरावून घेतो आणि गेलेली लवचीकता पूर्णपणे परत येत नाही, शिवाय पुढे कर्करोगाचा धोका राहतो. जळजळ होते हे त्या मुलाला शब्दांत सांगता आले नव्हते. अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणे हा 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार गंभीर गुन्हा असून त्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. हे ठेलेवाल्याला जाऊन स्पष्ट सांगावे, आम्ही सांगितले.

उत्तर : ऑटिझम असलेल्या मुलीची आई, खामला

माझ्या मुलीची अडचण वेगळी आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिते. ती चालते-फिरते आणि तोंडही उघडते, पण पुदिन्याच्या चवीने तिला उलटी येते आणि दवाखान्यातल्या यंत्राचा आवाज ऐकला की ती कान झाकून पळते. आम्ही चव नसलेली, फेस न होणारी पेस्ट घेतली आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

दवाखान्यासाठी डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या काही वेळा फक्त येऊन बसायला सांगितले. आधी प्रतीक्षेची खोली, मग रिकामी खुर्ची, मग खुर्चीवर बसून आरसा हातात धरणे, मग तोंडात आरसा. घरी मी त्याच खोलीचे, त्याच खुर्चीचे आणि डॉक्टरांच्या मास्क घातलेल्या चेहऱ्याचे फोटो क्रमाने एका कागदावर चिकटवले होते आणि रोज झोपताना तो कागद आम्ही वाचत असू. एक्स-रेच्या वेळी अंगावर घालतात तो जड एप्रन तिला इतका आवडला की आता तपासणीच्या वेळी ती स्वतःच तो मागते. अंगावर वजन असले की ती शांत राहते. डोळ्यांवर दिव्याचा झोत येऊ नये म्हणून गॉगल आणि कानांवर हेडफोन असतो. डॉक्टर दहापर्यंत मोठ्याने मोजतात आणि दहा म्हटले की हात नक्की बाहेर काढतात. हा शब्द त्यांनी कधीही मोडला नाही, आणि माझ्या मते मुलीचा विश्वास त्यावरच बसला आहे. ज्यांच्याकडे घाई आहे अशा दवाखान्यात हे होत नाही, तेव्हा पहिल्या भेटीतच हे विचारून घ्यावे.

उत्तर : एक काका, काटोल मार्ग

माझ्या पुतण्यालाही सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या दाढा वारंवार दुखत होत्या, तेव्हा एका डॉक्टरांच्या सल्ल्याने दुखणाऱ्या सगळ्या दाढा काढून टाकल्या आणि तेव्हापासून घरात शांतता आहे. तो तसाही मऊ भात आणि वरणच खातो. एवढे उपचार, कॅप, भूल यांपेक्षा दात काढणे हा सोपा मार्ग नाही का? मुलाला त्रास देऊन दात वाचवण्याचा अट्टहास कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे.

उत्तर : सिकलसेलग्रस्त मुलाचे वडील, जरीपटका

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व धरले असून त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्तविकारही आहेत. आपल्या विदर्भात सिकलसेलची कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे हे लिहितो आहे. आमच्या मुलाचा जबडा दुखू लागला की दात आहे की सिकलसेलची कळ आहे हे आम्हाला ओळखता येत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही शक्य असते. जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा अडला तरी निरोगी दात दुखल्यासारखा वाटतो. उलट दातातला जंतुसंसर्ग मोठ्या क्रायसिसला, म्हणजे सिकलसेलच्या तीव्र कळांना, निमित्त ठरू शकतो. त्यामुळे कीड लहान असतानाच भरून घेणे हे या मुलांसाठी अधिकच महत्त्वाचे आहे. दंतवैद्यांकडे जाताना मुलाने भरपूर पाणी प्यायलेले असावे, खोली फार थंड नसावी आणि सिकलसेलचे कार्ड आधी दाखवावे. भूल द्यायची असेल तर रक्तविकाराच्या डॉक्टरांचे पत्र घेतल्याशिवाय तारीख ठरवू नये. हिमोफिलियाच्या मुलाचा तर हलणारा दातही रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरच्या इंजेक्शनची व्यवस्था झाल्याशिवाय काढू देऊ नये.

उत्तर : पालक स्वयंसेवक, महाल

कागदपत्रांबद्दल थोडेसे. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढलेले नसेल तर आधी ते काढावे. त्यानंतर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि बाह्यरुग्ण खर्चात प्रतिबंधात्मक दंतोपचारही धरलेले आहेत. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागणी करायची असते, त्यामुळे मूळ बिले, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे अहवाल जपून ठेवावेत. प्रत्येक प्रकारच्या खर्चाला वेगळी मर्यादा असते, ती उपचारापूर्वीच वाचावी.

ज्या दवाखान्याने दारातूनच परत पाठवले, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटले. 2016 च्या कायद्याचे 25 वे कलम सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आणि दिव्यांग व्यक्तींना तपासणी व उपचारात प्राधान्य यांविषयी स्पष्ट बोलते. शासकीय रुग्णालयात रांगेत ताटकळावे लागले तर नम्रपणे पण ठामपणे या कलमाचा उल्लेख करावा. सरकारी आणि अनुदानित शाळांत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 18 वर्षांपर्यंत तपासणी होते आणि त्यात दातांची कीडही पाहिली जाते. विशेष शाळांनी आपल्या मुलांची नावे त्यात सुटू नयेत याकडे लक्ष द्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : एक आई, मानेवाडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिक्षिका बाईंनी सांगितल्याप्रमाणे मागे उभे राहून, फक्त बाहेरची बाजू, असे घासायला सुरुवात केली आहे. शरीर ताठ होणे बरेच कमी झाले. रक्त येते, पण आता मी घासणे थांबवत नाही. शासकीय दंत महाविद्यालयात दाखवले. खालची दाढ वाचवता येणार नाही, इतर दोन दाढांना सिल्व्हरचे औषध आणि समोरच्या हिरडीची शस्त्रक्रिया, हे सर्व भुलेत एकत्र करावे असे ठरते आहे. मेंदूविकारतज्ज्ञ दुसऱ्या औषधाचा विचार करणार आहेत, पण भूल होईपर्यंत फेनिटॉइनच राहील असे त्यांनी सांगितले. आता एकच शंका आहे : भुलेच्या दिवशी उपाशीपोटी राहायचे असते, मग सकाळचे आकडीचे औषध द्यायचे की नाही? आणि घरी आणल्यावर कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे?

उत्तर : बालदंतरोगतज्ज्ञ, धंतोली

आधी काटोल मार्गावरच्या काकांना उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. नसेपर्यंत किडलेली, पू झालेली दाढ काढणे हा पुष्कळदा योग्य आणि दयाळू निर्णय असतो. या ताईंच्या मुलाच्या एका दाढेबद्दलही तेच ठरले आहे. परंतु वाचवता येणाऱ्या दाढा केवळ सोय म्हणून काढणे मला मान्य नाही. दाढा गेल्या की चावणे थांबते, अन्न आणखी पातळ करावे लागते, पोषण घटते, आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पुढे कवळी वापरणे बहुधा शक्य होत नाही. भात-वरण खाणाऱ्या मुलालाही पोळीचा मऊ तुकडा चावण्याचा आनंद मिळू द्यावा. पुतण्याच्या उरलेल्या दातांची दर 3 महिन्यांनी तपासणी होत असेल, तर त्याच्यावर पुन्हा तशी वेळ येण्याची शक्यता खूप कमी होईल.

ताई, आपल्या शंकेबद्दल. आकडीचे सकाळचे औषध सामान्यतः चुकवले जात नाही. घोटभर पाण्यासोबत ते ठरलेल्या वेळी देण्यास भूलतज्ज्ञ सांगतात. मात्र किती पाणी आणि किती वाजता, हे त्यांच्याकडून कागदावर लिहूनच घ्यावे. दूध आणि घन अन्न साधारणपणे 6 तास आधी बंद केले जाते, साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालते; जड जेवणानंतर अधिक वेळ सोडावा लागतो. घरातल्या कोणीही मायेपोटी सकाळी घोटभर दूध किंवा बिस्किट दिले नाही ना, याची खात्री करावी, कारण भुलेत पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आदल्या दिवशी ताप, खोकला किंवा कफ असेल तर तारीख पुढे ढकलण्यास सांगावे.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी त्याला कुशीवर झोपवावे, म्हणजे रक्तमिश्रित लाळ घशात जाणार नाही. लाळ गुलाबी दिसणे स्वाभाविक आहे. ताजे रक्त सतत येत असेल तर गॉजची घडी त्या जागी पकडून दाबून धरावी आणि रुग्णालयात फोन करावा. भुलेच्या वेळी श्वासाची नळी नाकातून घातलेली असल्यास नाक व घसा थोडा दुखतो, त्यासाठी वेदनाशामक औषध ठरलेल्या वेळी द्यावे. तो दुखते असे सांगण्याची वाट पाहू नये. दाढ काढलेल्या बाजूचा ओठ किंवा गाल बधिर असेल तर मुले तो चावून मोठी जखम करून घेतात, म्हणून काही तास त्याच्याजवळ कोणीतरी बसावे. वारंवार उलटी, ताप, श्वासाचा बदललेला आवाज किंवा नेहमीपेक्षा वेगळी आकडी यांपैकी काहीही दिसले तर रात्र आहे म्हणून थांबू नये. हिरडीची शस्त्रक्रिया झालेल्या जागी किती दिवस ब्रश लावायचा नाही आणि त्या काळात क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक कापसाने कसे लावायचे, हे निघण्यापूर्वी तिथल्या परिचारिकेकडून एकदा करून दाखवायला सांगावे. बाकीच्या दातांची घासणी मात्र दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखीच, मागे उभे राहून.